साठीनंतर त्वचेची पाहणी: जुन्या उन्हाचा हिशेब कसा मांडायचा आणि डाग कधी दाखवायचा

उतारवयात कातडीवर काही नवं उठलं की आपल्याकडे त्याची उत्तरं तयार असतात. ‘वयाचं आहे’, ‘चामखीळ असेल’, ‘उष्णता बाहेर पडतेय’. बहुतेक वेळा ती बरोबरही ठरतात. म्हणूनच ज्या एखाद्या वेळी ती चुकतात, त्या वेळी ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी घाबरायचं किती, ते ठरवू. गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असतं. त्यामुळे त्वचेचा कर्करोग आपल्याकडे ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या गोऱ्या लोकांच्या मानाने फारच कमी आढळतो. पण कमी आढळतो म्हणून तो कुणाच्या डोक्यातच येत नाही. घरचे एक मलम आणून देतात, कुणी ओळखीतलं दुसरं सुचवतं, आणि वर्ष-दोन वर्षं निघून जातात. वेळेत हाती लागला तर बऱ्याचदा जागेपुरती भूल देऊन, थोडे टाके घालून त्याच दिवशी घरी पाठवतात. उशीर झाला तर नाकपुडी, कानाची पाळी, कधी पायाचं बोट गमवायची वेळ येते. ऊन तर अंगावरून होऊन गेलेलं आहे, ते काही परत घेता येत नाही. उशीर मात्र टाळता येतो, आणि खालची सगळी कामं त्यासाठीच आहेत.

जुनं ऊन आत काय करून ठेवतं

उन्हातले दोन प्रकारचे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोचतात. ‘बी’ किरण कातडीच्या वरच्या थरात शिरतात आणि पेशींच्या डीएनएतले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. ‘ए’ किरण त्याहून खोल जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. पेशी हा बिघाड रोजच्या रोज दुरुस्त करत असते, पण काही दुरुस्त्या राहून जातात, काही चुकीच्या होतात. पी-५३ नावाचं जनुक अशा बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. उन्हाने तेच बिघडलं की लगाम सुटतो. या सगळ्याला दशकं लागतात. त्यात उतारवयात दुरुस्तीचा वेग मंदावतो आणि बिघडलेल्या पेशी हुडकून मारणारी प्रतिकारशक्तीही थकलेली असते. म्हणून विशी-तिशीत अंगावर घेतलेलं ऊन सत्तरीत वर येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच सूर्याच्या किरणांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू याच गटात आहे. तंबाखूइतकं उन्हाला घाबरावं असा याचा अर्थ नाही. पुरावा पक्का आहे, एवढाच अर्थ.

आता पुण्यापुरतं. शहर विषुववृत्तापासून साधारण १८.५ अंश उत्तरेला आणि समुद्रसपाटीपासून जवळपास ५६० मीटर उंचावर आहे. मेच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. जुलैअखेरीला तो पुन्हा येतो, फक्त तेव्हा ढगांमुळे कुणाला कळत नाही. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं आहे, त्यामुळे पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास किंवा थोडा त्यापुढेच. म्हणजे दुपारी तीनचं ऊन आपल्याला वाटतं तेवढं उतरलेलं नसतं.

शिवाय उष्णता वेगळी आणि अतिनील किरण वेगळे. हवामानाच्या मोबाइल ॲपवर ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा आकडा दिसतो. तो ३ च्या पुढे गेला की जपायला लागायचं, ८ च्या पुढे तो फार तीव्र आणि ११ पासून टोकाचा. एप्रिल-मेत पुण्यात भर दुपारी तो ११ गाठतो. डिसेंबर-जानेवारीत गॅलरीत बसून शेंगा सोलताना अंगाला गोड लागणारं दुपारचं ऊनही ६ च्या घरात असतं. हवा गार असल्यामुळे ते जाणवत नाही, इतकंच.

पहिलं काम: उन्हाचा हिशेब कागदावर

तुम्ही स्वतः साठीपुढचे असाल तर स्वतःचा, नाहीतर आई-वडिलांचा, सासू-सासऱ्यांचा हिशेब त्यांच्यासमोर बसून लिहा. डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटं मिळतात आणि त्यात चाळीस वर्षांपूर्वीचं काही आठवत नाही. घरी चहा घेत विचारलं तर बरंच बाहेर येतं.

सुरुवात कामापासून करा. पुरंदर, मुळशी, जुन्नरकडची शेती, पोस्टातली फिरती, वीज मंडळात खांबावर चढायचं काम, चौकातली वाहतूक पोलिसाची ड्युटी, बांधकामावरची देखरेख, मंडईबाहेर उघड्यावर मांडलेली पाटी. कारखान्यात नोकरी केलेली माणसं हमखास सांगतात, “मी तर कायम छपराखाली होतो.” त्यांना कामावर कसे जायचात ते विचारा. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा खडकीला किंवा पिंपरीला सायकल मारत जाणारे आणि पहिली पाळी सुटल्यावर भर दुपारी परत येणारे लोक ते ऊन मोजतच नाहीत. ते मोजायला हवं, कारण त्वचेच्या कर्करोगाचा खपल्या धरणारा जो प्रकार आहे (सगळ्या प्रकारांची ओळख पुढे आहे), तो अशा रोजच्या थोड्या थोड्या उन्हाशी जोडलेला आहे. लहानपणी, तरुणपणी अधूनमधून कातडी लाल होऊन सोलून निघण्याइतकं भाजणं वेगळं लिहा. त्याचा संबंध दुसऱ्या प्रकारांशी जास्त आहे.

सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यात राहिलेल्यांनी लडाख, सियाचीन, राजस्थान ही पोस्टिंगं वेगळी नोंदवावीत. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून तिथे टोपी असूनही हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला ऊन लागतं.

मग वर्ण. ज्यांची कातडी फार गोरी, डोळे घारे, आणि जे उन्हात काळे पडण्याऐवजी लाल होतात, त्यांनी गोऱ्या लोकांसाठीचे नियम थोडेफार स्वतःला लागू आहेत असं समजावं. पुण्यात अशी घराणी कमी नाहीत. जन्मतःच कातडीत आणि केसांत रंग नसलेल्यांना सगळ्यात जास्त धोका. कोडाच्या पांढऱ्या डागांना ऊन चटकन भाजतं, तेव्हा तिथे जपायचंच, पण कोड ही कर्करोगाची पायरी आहे असं काही नाही. लग्नाच्या बाजारात त्या आजाराला आधीच पुरेशी बदनामी मिळाली आहे.

कोडावरून एक महत्त्वाची गोष्ट. कोडावर किंवा सोरायसिसवर सोरालेनची गोळी घेऊन, नाहीतर ते औषध डागावर लावून उन्हात बसायचा उपचार आपल्याकडे खूप चालायचा. दवाखान्यात यंत्राखाली देतात त्याला पूवा म्हणतात. तो उपचार चुकीचा नव्हता, पण शे-दीडशेपेक्षा जास्त वेळा झालेला असेल तर पुढे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. किती वर्षं घेतला ते आठवेल तसं लिहा.

औषधांमध्ये रक्तदाबाची गोळी बघा. हायड्रोक्लोरोथायाझाइड नावाचं लघवी वाढवणारं औषध बऱ्याच मिश्र गोळ्यांत असतं. पाकिटावर नावापुढे ‘एच’ हे अक्षर दिसलं तर बहुधा तेच. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये आणि अमेरिकेतल्या नियामकांनी २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात त्वचेच्या कर्करोगाचा इशारा घातला. अमेरिकी हिशेबानुसार दर वर्षी १६,००० रुग्णांमागे साधारण एक जादा रुग्ण, आणि तोही मुख्यतः गोऱ्या लोकांत. त्यामुळे हे वाचून गोळी बंद करू नका. अर्धांगवायूचा झटका हा त्यापेक्षा कितीतरी जवळचा धोका आहे. नाव कागदावर लिहा आणि डॉक्टरांना विचारा. किडनी किंवा यकृत बदललेल्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र खरोखर मोठी बाब आहे. त्यांनी वर्षातून एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञाकडून अंगभर तपासून घ्यावं.

शेवटी जुने व्रण. स्टोव्हच्या भडक्यात किंवा चुलीवर भाजल्याची खूण, वर्षानुवर्षं चिघळत राहिलेली पायाची जखम. यांचा उन्हाशी संबंध नाही, पण आपल्या लोकांत खपल्या धरणारा कर्करोग अशा व्रणांतूनही उठतो, म्हणून कागदावर त्यांची जागा आहेच. एवढं सगळं एका पानात बसवा. दोन पानं कुणी वाचत नाही.

दुसरं काम: महिन्यातून एकदा अंगभर पाहणी

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान ज्या दिवशी उलटाल तोच दिवस धरा, म्हणजे विसरत नाही. आंघोळीनंतर, तेल-पावडर लावायच्या आधी बघायचं. बाथरूमच्या दिव्यात काही दिसत नाही, सकाळी खिडकीपाशी उजेडात बसायचं. लागेल काय तर एक मोठा आरसा, एक हातातला आरसा, बारीक कंगवा आणि चष्मा. चष्मा मुद्दाम लिहिला, कारण आंघोळीनंतर तो डोळ्यांवर नसतो.

सोबत कोण, हा खरा प्रश्न. नवरा-बायकोने एकमेकांचं बघितलं तर उत्तम. एकटे राहणाऱ्यांनी मुलीला, सुनेला, रोज येणाऱ्या मावशींना पाठ तेवढी बघायला सांगावं. पुरुषांसाठी आणखी एक हक्काचा माणूस म्हणजे न्हावी. डोक्याचा मागचा भाग, कानामागची जागा, मानेची वळी त्याच्याइतकी नीट आणि इतक्या वेळा दुसरं कुणी बघत नाही. “काही नवं दिसलं तर सांगत जा” एवढं एकदा बोलून ठेवायचं.

वरून खाली या. केस असतील तर कंगव्याने भांग पाडत पाडत, टक्कल असेल तर हात फिरवून. टकलावर, कपाळावर हाताला खरखरीत लागणारे आणि डोळ्यांना धड न दिसणारे ठिपके असले तर ते उन्हाने झालेले असू शकतात. गोऱ्या वर्णाच्या माणसांत त्यातला एखादा पुढे बिघडतो. मग चेहरा: नाकाच्या दोन्ही बाजू, डोळ्याचा आतला कोपरा, चष्म्याची नाकावर टेकणारी जागा, खालचा ओठ. खालच्या ओठाची कड पुसट झालेली, पांढुरकी, सतत सोलणारी दिसली तर नोंद करा. तंबाखूची सवय असेल तर जास्तच. बायकांनी टिकली काढून कपाळ बघावं.

कान वेगळ्याने सांगतो. गांधी टोपी कानावर सावली धरत नाही, त्यामुळे पुरुषांत कानाची वरची कड आयुष्यभर उघडी राहते. आमच्या शेजारच्या काकांच्या कानाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी खपली होती. दाढी करून तोंड पुसलं की पंचाला रोज ठिपकाभर रक्त लागायचं. काकांचं म्हणणं, पंचाचा काठ खरखरीत आहे. काकूंनी मऊ टॉवेल आणला, तरी रक्त लागायचं ते लागायचंच. खपली पडायची, दोन दिवस गुलाबी जागा दिसायची, पुन्हा खपली धरायची. शेवटी काकू म्हणाल्या, “अहो, पंचा बदलून झाला. आता कान दाखवताय की तोही बदलायचा?” तपासणीत तो कर्करोगच निघाला. कानाच्या कडेची छोटी पाचर काढून शिवली. आज शेजारी बसलं तरी लक्षात येत नाही.

मानेची मागची बाजू, गळ्याखालचा शर्टाच्या बटणापाशी उघडा राहणारा त्रिकोण, ब्लाउजच्या वर उघडी राहणारी पाठ, हातांची वरची बाजू. वर्षानुवर्षं एसटी, ट्रक, टॅक्सी चालवलेल्यांनी उजवा हात नीट बघावा. तो खिडकीत असतो.

कमरेपाशी थांबा. इथे ऊन नाही, पण परकराची नाडी, करदोडा किंवा धोतराची गाठ पन्नास वर्षं एकाच जागी घासत असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद जगापुढे मांडली. पुढे नऊवारी-सहावारीच्या नाडीच्या जागीही असे रुग्ण आढळले. काळवंडलेली, जाड झालेली जागा बहुतेकींना असते आणि ती निरुपद्रवी असते. तिथे भेग पडून भरत नसेल, मांस वर आलं असेल, तर दाखवा. आणि नाडी रुंद घ्या, रोज थोडी वर-खाली बांधा.

शेवटी तळपाय, आणि ही जागा वगळू नका. मेलॅनोमा हा त्वचेच्या कर्करोगातला सगळ्यात घातक प्रकार. गोऱ्या लोकांत तो ऊन लागलेल्या जागी होतो, आपल्याकडे मात्र मुख्यतः तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली. उन्हाशी त्याचं नातं जुळत नाही, म्हणून ऊन लागलेल्या जागा बघून उठलात तर नेमका तोच सुटतो. जोडवी सरकवून बोटांच्या बेचक्यात बघा, नेलपॉलिश काढा, आलता किंवा मेंदी असेल तर ती उतरल्यावर बघा. मधुमेह असलेल्यांनी पाय तसेही रोज बघायचे असतात.

सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे. पहिल्या खेपेला जास्त लागतील, कारण पहिल्यांदाच सगळे तीळ भेटतात.

तिसरं काम: दिसलेल्याचं काय करायचं

निदान तुम्ही करायचं नाही. तुम्ही फक्त एवढं ठरवायचं, की हे नवं आहे का, बदलतंय का, भरायला नकार देतंय का. तरी ढोबळ ओळख असावी.

बेसल सेल कार्सिनोमा हा जगात सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. चेहऱ्यावर, विशेषतः नाका-डोळ्यांच्या आसपास, छोटी गाठ उठते. कड किंचित उंच, गुळगुळीत, चकाकणारी असते. मध्ये खळगा पडून खपली धरते. आपल्या कातडीत ती बऱ्याचदा काळपट असते, त्यामुळे लोक तीळ समजून सोडतात. हा प्रकार लांब पसरत नाही म्हटलं तरी चालेल, पण आहे तिथे हळूहळू पोखरत जातो. डोळ्याच्या कोपऱ्यात तेही परवडणारं नाही.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणजे खपल्या धरणारा, जाड, कधी शिंगासारखा वर येणारा प्रकार. लवकर वाढतो, दुखू शकतो, आणि वेळ गेला तर गाठींमध्ये, म्हणजे मान, काख, जांघ इथे उतरतो. कान, ओठ आणि जुने व्रण या त्याच्या वाईट जागा. काकांचा हाच होता.

मेलॅनोमासाठी असा डाग शोधा, ज्याचे दोन अर्धे जुळत नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकाच डागात काळा-तपकिरी-निळसर असे रंग आहेत, आकार ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा आहे. या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो बदलतोय. नखात उभी काळी रेघ सावळ्या माणसांत सहज असते, अनेक बोटांत असते आणि तिला काही अर्थ नसतो. एकाच नखात, उतारवयात नवी आलेली, रुंद होत चाललेली आणि नखाबाहेरच्या कातडीवर सांडलेली रेघ मात्र त्याच आठवड्यात दाखवायची.

आता निरुपद्रवी मंडळी, कारण तुम्हाला दिसणार आहेत ती मुख्यतः हीच. पाठीवर-छातीवर मेणाचा थेंब पडून चिकटल्यासारखे दिसणारे तपकिरी, खडबडीत उंचवटे. गालांवरचे बारीक काळे मस. मानेवर लोंबणाऱ्या चामखिळी. पोटावरचे लालचुटुक ठिपके. हातांवरचे सपाट तपकिरी डाग. यांना हात लावायची गरज नाही. एक अपवाद: थोड्या दिवसांत एकदम भसाभसा उठले तर डॉक्टरांना सांगा.

शंका वाटली त्या डागाचा फोटो काढा. शेजारी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवायची, म्हणजे मापाचा वाद उरत नाही. एक फोटो जवळून, एक लांबून, जागा कळेल असा. मोबाइलमध्ये आपोआप तारीख पडते, पण घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून विसरू नका, वेगळ्या अल्बममध्ये ठेवा.

आणि मुदत: चार आठवडे. कातडीवरची साधी जखम, पुळी, खरचटणं चार आठवड्यांत भरतं. त्यापुढे राहिलं, किंवा भरून पुन्हा फुटलं, तर मलम थांबवायचं आणि दाखवायला जायचं. आपोआप रक्त येणं, झपाट्याने वाढणं, नखातली ती रेघ, जुन्या व्रणात नवी जखम यांना चार आठवडेही द्यायचे नाहीत.

चौथं काम: डॉक्टरांकडे

कुठल्या डॉक्टरांकडे? त्वचारोगतज्ज्ञाकडे, म्हणजे एम.डी. किंवा डी.व्ही.डी. झालेल्यांकडे. ‘स्किन क्लिनिक’ अशी पाटी हल्ली गल्लोगल्ली आहे आणि तिथे तीळ, चामखीळ लेझरने किंवा विजेच्या सुईने पाच मिनिटांत जाळून देतात. माझा यावर ठाम आक्षेप आहे. जाळलेली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. आत कर्करोग असेल तर वरचा भाग जातो, मुळं राहतात, आणि वर्षभराने तो परत उठतो तेव्हा खोल गेलेला असतो. साठीनंतर अंगावरचं काहीही काढायचं असेल तर आधी एक वाक्य बोला: “काढलेलं तपासायला पाठवणार ना?” उत्तर गुळमुळीत आलं तर उठा.

डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने डाग बघतील. दुखत नाही. शंका राहिली तर बायोप्सी, म्हणजे जागेपुरती भूल देऊन छोटा तुकडा काढायचा. हमखास आडवी येते ती भीती इथेच: ‘सुरी लागली की पसरतो.’ हे खोटं आहे. कितीतरी लोकांचं वर्ष या एका वाक्याने खाल्लं आहे. बायोप्सीशिवाय निदान नाही आणि निदानाशिवाय नेमका उपचार नाही.

जाताना उन्हाचा कागद, फोटो आणि चालू औषधांची पाकिटं न्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. मधुमेह, पेसमेकर हेही सांगा. पेसमेकर असेल तर विजेची सुई वापरताना काळजी घ्यावी लागते. आजीबाईंना पाठ-कंबर दाखवायला संकोच वाटणार हे धरूनच चाला. सोबत सून किंवा मुलगी असू द्या आणि बाई डॉक्टर हव्या असतील तर वेळ घेतानाच तसं सांगा.

उपचार प्रकारावर आणि जागेवर ठरतो. बहुतेकदा डाग भोवतालच्या काही मिलिमीटर निरोगी कातडीसकट काढतात. नाक-पापणीसारख्या नाजूक जागी थर काढत, तिथल्या तिथे तपासत जायची मोह्ज नावाची पद्धत आहे, पण ती मोजक्याच ठिकाणी मिळते. फार थकलेल्या माणसाला रेडिएशन देतात. अगदी वरवरच्या डागाला मलम किंवा द्रव नायट्रोजनने गोठवणं पुरतं. ‘आता या वयात कशाला’ हा प्रश्न घरात उठतोच. पंचाऐंशीच्या आजोबांना जागेपुरती भूल सहसा सोसते. वर्षभर चेहऱ्यावर वास येणारी जखम बाळगणं त्याहून कितीतरी अवघड आहे.

पैशांचं म्हणाल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात खासगीच्या मानाने खर्च नगण्य. रांग असते, सकाळी लवकर जायचं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. ते आधारवर निघतं आणि योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. या योजनांत भरती आणि शस्त्रक्रिया बसते, बाहेरून केलेल्या तपासण्या बसतीलच असं नाही, तेव्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. माजी सैनिकांनी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घ्यावी.

घरी काय करायचं नाही ते थोडक्यात. बिब्बा लावायचा नाही, चुना-सोडा लावायचा नाही, रुईचा चीक नाही, घोड्याच्या केसाने आवळून बांधणं नाही, इंटरनेटवरून मागवलेली तीळ घालवायची काळी मलमं नाहीत. बिब्ब्याने कातडी अशी उतते की नंतर मूळ डाग कसा होता ते डॉक्टरांनाही कळत नाही.

पाचवं काम: आजपासूनचं ऊन

‘आता साठीत क्रीम लावून काय होणार?’ याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात मिळालं. १९९२ मध्ये तिथल्या १,६२१ प्रौढांवर प्रयोग सुरू झाला. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं वागायचं. साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांत खपल्या धरणारा कर्करोग साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला. बेसल सेलमध्ये मात्र फरक पडला नाही. ते लोक गोरे होते आणि ऊन क्वीन्सलंडचं होतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. पण मोठेपणी सुरू करूनही उपयोग होतो, एवढं त्यातून दिसतं.

गव्हाळ-सावळ्या ज्येष्ठांना रोज महागडी बाटली हवीच, असं मला वाटत नाही. त्यांना कपडा आणि वेळ पुरते. टेकडीवर किंवा पर्वतीला जायचं तर साडेआठ-नऊच्या आत घरी. बँकेची, पेन्शनची कामं दहाच्या आत नाहीतर चारनंतर. घड्याळ नसेल तर सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन तीव्र. टोपी अशी घ्या की कान, मान आणि नाक सावलीत येतील. क्रिकेटच्या पंचांची असते तशी चौफेर कड असलेली टोपी चालते, पुढे झापड असलेली नाही. छत्री उन्हाळ्यात घेऊन बाहेर पडायची पुरुषांना का लाज वाटते हे मला कळलेलं नाही. स्कूटरवर स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालणाऱ्या पुण्याच्या मुलींची लोकांनी थट्टा केली, पण कातडीच्या दृष्टीने त्याच शहाण्या निघाल्या.

गोऱ्या-घाऱ्यांनी, आधी एखादा डाग कर्करोगाचा निघालेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र सनस्क्रीन लावावंच. एसपीएफ ३० पुरे, ते ‘बी’ किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८. त्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. ‘ए’ किरणांसाठी पाकिटावर ‘पीए’पुढे किमान तीन अधिकचिन्हं बघा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम लागतं. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. कानाच्या कडा आणि टक्कल विसरू नका, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

‘मग ड जीवनसत्त्वाचं काय?’ रास्त प्रश्न आहे, कारण आपल्या ज्येष्ठांत त्याची कमतरता सर्रास असते आणि खुब्याचं हाड मोडण्याशी तिचा संबंध आहे. पण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ‘बी’ किरण फारसे नसतात आणि कातडी ड जीवनसत्त्व बनवते ते ‘बी’ किरणांवरच. कोवळं ऊन मनाला छान, हाडांना बेताचंच. ज्यांना कातडीचा धोका जास्त आहे त्यांनी दुपारचं ऊन अंगावर घेत बसण्यापेक्षा रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढं ड जीवनसत्त्व पोटातून घ्यावं. आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी ठरावीक आठवड्यांपुरतीच असते. ती मनाने वर्षभर चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून वेगळंच दुखणं मागे लागतं.

ज्यांचा एखादा डाग कर्करोगाचा निघून काढून झाला आहे, त्यांना दुसऱ्या जागी नवा उठायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं अंगभर दाखवत राहायचं. पॅथॉलॉजीचा मूळ कागद जपून ठेवा. त्यात प्रकार, खोली आणि कडा मोकळ्या निघाल्या की नाही हे लिहिलेलं असतं. काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेकडून मागता येतात. मुलाकडे बंगळुरूला किंवा अमेरिकेला सहा महिने राहायला जाणार असाल तर त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स बॅगेत ठेवा.